युद्धबंदी अडली होती युद्धबंद्यांवर : कोरिया, १९५३

बखरवाला

मराठीत एक गंमत आहे. दारूबंदी म्हणजे दारू बंद, तशी युद्धबंदी म्हणजे युद्ध बंद. पण युद्धात पकडलेला कैदी, तोही युद्धबंदीच. कोरियात या दोन युद्धबंदी एकमेकांत अशा अडकल्या की दुसरीपायी पहिली सव्वा वर्ष रखडली. धागा त्याबद्दल आहे.

निमित्त म्हणजे इथलाच दुसरा एक धागा. ‘भारताने मध्यस्थी करावी का’ यावर तिथे दीडशे प्रतिसाद पडले. मध्यस्थी म्हणजे दोन भांडणाऱ्यांना एका टेबलाशी बसवायचं, चहा पाजायचा आणि फोटो काढायचा, अशी बहुतेकांची समजूत दिसली. भारताने एकदा मध्यस्थी केली होती, ती अगदी वेगळ्या तऱ्हेची होती. फोटो तर सोडाच, दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या.

थोडक्यात पार्श्वभूमी. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाचं सैन्य ३८ अक्षांश ओलांडून दक्षिणेत घुसलं. अमेरिका संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली उतरली. सप्टेंबरात इंचॉनला सैन्य उतरवून त्यांनी पारडं फिरवलं आणि मग स्वतःच ३८ च्या वर जायला निघाले. ३ ऑक्टोबरला पेकिंगमध्ये चौ एन लायनी आपले राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून घेतलं आणि सांगितलं, अमेरिकन फौजा वर आल्या तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी दिल्लीला कळवलं, तिथून निरोप पुढे गेला. वॉशिंग्टनला वाटलं, हे गृहस्थ चीनकडे झुकलेले, चीनचंच तुणतुणं वाजवताहेत. त्याच महिन्यात चिनी सैन्याने यालू नदी ओलांडली. निरोप खरा होता, पण निरोप्यावर भरवसा नव्हता. माझ्या मते मध्यस्थीतला सगळ्यात अवघड भाग हाच.

वाटाघाटी १० जुलै १९५१ ला सुरू झाल्या, आधी केसाँगला, मग पानमुनजोमला. १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत सीमारेषा, देखरेख वगैरे बहुतेक मुद्दे मिटले होते. राहिला एक, कैद्यांचा. १९४९ च्या जिनिव्हा करारात सरळ लिहिलंय की लढाई थांबली की कैदी विनाविलंब मायदेशी धाडायचे. अमेरिका म्हणाली, ज्याला जायचं नाही त्याला ढकलणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कैद्यांना जबरदस्तीने परत पाठवलं गेलं, त्यांचं पुढे काय झालं ते ट्रुमनच्या लक्षात होतं. शिवाय शत्रूचे सैनिकच ‘आम्हाला घरी जायचं नाही’ म्हणाले, तर त्यासारखा प्रचार दुसरा नाही. एप्रिल १९५२ मध्ये विचारणा झाली. सुमारे १,३२,००० पैकी फक्त ७०,००० च परत जायला तयार असल्याचा आकडा आला आणि चीन-उत्तर कोरिया भडकले. चर्चा ठप्प झाली, लढाई मात्र चालूच राहिली. रेषा जागची फारशी हलत नव्हती, माणसं मरत होती.

इथे भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन येतात. संयुक्त राष्ट्रांत त्यांनी जो ठराव आणला त्याची खुबी अशी की ‘ऐच्छिक परती’ हा शब्दच त्यात टाळला. कैद्याला परत पाठवण्यासाठी बळ वापरायचं नाही आणि परत जाण्यापासून अडवण्यासाठीही नाही. तटस्थ देशांच्या आयोगाच्या ताब्यात कैदी द्यायचे. त्यांच्या देशाच्या माणसांनी येऊन समजावून सांगायचं. ९० दिवस. उरतील त्यांचं काय, ते राजकीय परिषदेने बघावं. म्हणजे जिनिव्हा कराराचा मान राहिला आणि कोणालाही ढकललं नाही हेही राहिलं. ३ डिसेंबर १९५२ ला ठराव ५४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. विरोधातली पाच मतं सोव्हिएत गटाची. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री व्हिशिन्स्कींनी मेननना धुऊन काढलं, चीननेही ठराव झिडकारला. आधी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ॲचेसनसुद्धा वैतागलेले होतेच. इंग्लंडचे ईडन आणि कॅनडाचे पिअर्सन पाठीशी उभे राहिले म्हणून गाडी पुढे सरकली.

मग ५ मार्च १९५३ ला स्टालिन गेला. महिना संपायच्या आत चौ एन लाय म्हणाले, जे जायला तयार नाहीत त्यांना तटस्थ देशाकडे सोपवू. ८ जूनला कैद्यांबाबत जो करार झाला तो बघा : तोच आयोग, तेच ९० दिवस, वरून अध्यक्ष भारत आणि पहारा एकट्या भारताचा. सहा महिन्यांपूर्वी लाथाडलेला कागद फडताळातून काढून झटकून घेतला, एवढंच. २७ जुलैला शस्त्रसंधी झाली.

माझं म्हणणं एवढंच : भारताने कोरियाचा तंटा सोडवला नाही, तो आजही सुटलेला नाही. भारताने त्यातली एक निरगाठ बाजूला काढली आणि ती स्वतःच्या हातात धरून उभा राहिला. त्या पहाऱ्याच्या फौजेचे प्रमुख थोरात, त्यांच्याबद्दल खाली प्रतिसादांत लिहितो, आधीच लांबलंय.

---

मिरजमळा

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

तिरकस_तात्या

लेख छान, पण आपल्याकडे एक खोड आहे. जगात काही बरं घडलं की त्यात भारताचा हात शोधायचा. शस्त्रसंधी झाली ती स्टालिन मेला म्हणून आणि आयझेनहॉवरने अणुबॉम्बचा धाक दाखवला म्हणून. मेननचा ठराव ही शोभेची झूल. तुम्हीच लिहिलंय की सहा महिने तो धूळ खात पडला होता.

---

बखरवाला

@तात्या, अर्धं मान्य. स्टालिन जिवंत असता तर ठराव अजून वर्षभर धूळ खात पडला असता. पण उलटं करून बघा. स्टालिन मेला, सगळे लढाईला कंटाळलेले, आणि समोर कागदच नाही. ‘आम्ही माघार घेतली’ असं न म्हणता मागे यायला वाट लागते. ती वाट आयत्या वेळी बांधता येत नाही. सोव्हिएत गट सोडून बाकीच्या जगाने आधीच हात वर केलेला मसुदा असणं, ही त्या वेळची किंमत.

धाकाबद्दल म्हणाल तर त्यातही दिल्ली आहेच. मे १९५३ मध्ये अमेरिकेचे नवे परराष्ट्रमंत्री डलेस नेहरूंना भेटले. वाटाघाटी फिसकटल्या तर युद्ध वाढवू असा इशारा आपण नेहरूंमार्फत चीनला पोचता केला, असं त्यांचं नंतर म्हणणं होतं. नेहरूंनी असा निरोप पुढे दिल्याचं साफ नाकारलं. त्यामुळे धाकानेच काम झालं असं छातीठोक म्हणायला जागा नाही.

---

तिरकस_तात्या

म्हणजे टपाल पोचलं की नाही यावरच वाद! बरं, ‘वाट’ हा मुद्दा पटला. धाक नव्हताच हे नाही पटत. पुढे चालू द्या.

---

करवीरकर

थोरात साहेबांचं नाव निघालं आणि कोल्हापूरचा माणूस गप्प बसला असं व्हायचं नाही. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, आमच्या जिल्ह्यातल्या वडगावचे. सँडहर्स्टला शिकलेले. १९४५ ला ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणींचे तीन हिंदी कमांडर होते : थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. त्यातले दोघे आठ वर्षांनी कोरियात परत एकत्र. थिमय्या आयोगाचे अध्यक्ष, थोरात पहारा करणाऱ्या फौजेचे प्रमुख. एकमेकांवर केवढा भरवसा असेल बघा.

आमच्याकडं लोकांना थोरात म्हटलं की १९६२ आठवतं. चीन ईशान्येकडून आला तर काय होईल हे त्यांनी पूर्व विभागाचे प्रमुख असताना आधीच मांडलं होतं आणि वर कुणी ऐकलं नाही, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. कोरिया फार थोड्यांना. खरं तर पकडलेल्या चिनी सैनिकांना चार-पाच महिने रोज समोर बघितलेला हा माणूस. त्याचं ऐकायला हवं होतं, पण तो वेगळा धागा.

---

बखरवाला

@करवीरकर, काम हलकं केलंत. आता पहाऱ्याबद्दल.

आपले पाच-सहा हजार जवान गेले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना शस्त्रसंधीच नको होती. त्यांनी जूनमध्ये एका रात्रीत पंचवीस हजारांवर उत्तर कोरियाई कैदी परस्पर सोडून दिले होते, करार मोडावा म्हणून. भारतावर त्यांचा विशेष राग. भारतीय सैनिकाचा पाय माझ्या भूमीला लागता कामा नये, ही अट. त्यामुळे आपले लोक इंचॉनपर्यंत जहाजाने आले आणि जहाजावरूनच हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात. म्हणजे ज्यांच्या भल्यासाठी चाललोय ते घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवू देत नाहीत, मागल्या बाजूने शिडी लावून माळ्यावर चढायचं. पट्ट्यात आपल्या छावणीला नाव दिलं ‘हिंद नगर’.

ताब्यात परत जायला नकार देणारे २२,६०० च्या आसपास कैदी, त्यातले १४ हजारांवर चिनी. चीन-उत्तर कोरियाने पकडलेले आणि परत जायला नकार देणारे ३५९, त्यांत २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश. चिनी कैद्यांत तैवानच्या कम्युनिस्टविरोधी चँग कै शेकच्या बाजूच्या टोळ्या होत्या. अनेकांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवलेल्या, काहींच्या स्वखुशीने आणि काहींच्या जबरदस्तीने. गोंदण घेऊन परत गेला तर तिकडे काय होईल ते त्यालाही कळत होतं. समजावणीच्या तंबूला बाहेर पडायला दोन दारं : एकातून गेलं की मायदेश, दुसऱ्यातून परत छावणी. कितीतरी वेळा कैदी तंबूपर्यंत यायलाच तयार नसत. नव्वद दिवस ठरले होते, प्रत्यक्ष समजावणी झाली ती त्यातल्या थोड्याच दिवशी. शेवटी परत जायला तयार झालेल्यांचा आकडा काहीशेच्या घरात राहिला.

एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरलाच धरून ठेवलं. बाहेरून गोळीबार करून कुंपणात घुसणं शक्य होतं, पण प्रेतांचा ढीग पडला असता आणि करारही त्याच ढिगात गेला असता. थोरात स्वतः आत गेले, बोलले आणि मेजरला सोडवून बाहेर आले. सगळं असं निभावलं असं मात्र नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुंपणावर चाल करणाऱ्या कैद्यांवर आपल्या पहारेकऱ्यांना गोळी चालवावी लागली आणि काही कैदी मेले. हेही सांगायला हवं.

---

निळीशाई

खूप छान चाललाय धागा. एक शंका. मुदत संपल्यावर बाकीच्या २२ हजारांचं काय केलं? राजकीय परिषद तर झालीच नसणार.

---

बखरवाला

@निळीशाई ताई, नाहीच झाली. त्या परिषदेला भारत असावा की नको यावरही मतदान झालं होतं. समितीत भारताच्या बाजूने २७, विरुद्ध २१, तटस्थ ११. दोन तृतीयांश होत नव्हते म्हणून भारताने आपणहून नाव काढून घेतलं. विरोधात अमेरिका होती, सिंगमन रींच्या खातर. कैदी सांभाळायला भारत चालतो, पानावर बसायला चालत नाही. आपल्याकडे लग्नात आचाऱ्याची जी गत, ती.

जानेवारी १९५४ ला पेच असा की संयुक्त राष्ट्रांची लष्करी कमांड म्हणत होती, २२ तारखेच्या मध्यरात्री कैदी नागरिक म्हणून मोकळे करा. चीन म्हणत होता, समजावणी पुरी झालेली नाही, धरून ठेवा. थिमय्यांनी दोन्ही नाकारलं. मी मोकळे करू शकत नाही कारण परिषद झालेली नाही, आणि धरून ठेवू शकत नाही कारण मुदत संपतेय. म्हणून २० जानेवारीपासून ज्यांनी पकडले होते त्यांच्याकडेच कैदी परत देतो, पुढची जबाबदारी त्यांची. दोघांनीही निषेध केला. कमांडने दोन-तीन दिवसांत सगळे मोकळे केले. बहुतेक चिनी तैवानला गेले, तिथे २३ जानेवारी हा ‘स्वातंत्र्य दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला. उत्तरेकडे राहिलेल्यांत २१ अमेरिकन होते.

थिमय्यांचा निर्णय मला पळवाट वाटत नाही. दिलेल्या अधिकाराच्या बाहेर एक पाऊल टाकलं असतं तर पुढच्या वेळी तटस्थ म्हणून कुणी बोलावलं नसतं.

---

वेल्हाळ

इथे थोडा विरोध नोंदवते. अधिकाराच्या आत राहणं ठीक, पण कैद्याच्या बाजूने विचार करा. टोळीवाले शेजारच्या गादीवर, अंगावर गोंदण, रात्री कुजबुजलं तर मार. त्याला दोन दारांपैकी एक निवड म्हणणं ही ‘इच्छा’ कशी? या सगळ्यांनी, आपल्यासकट, एक सोयीस्कर नाटक केलं असं वाटतं. प्रत्येकाला एकेकट्याने, वेगळं ठेवून विचारलं असतं तर आकडे निराळे आले असते, असं माझं मत.

---

बखरवाला

@वेल्हाळ, तुमच्याशी वाद घालणार नाही. आयोगातही हाच प्रश्न निघाला होता. भारताने कैद्यांचे पुढारी वेगळे काढले नाहीत, कारण त्यासाठी बळ वापरावं लागलं असतं आणि ठरावाचं मूळ सूत्रच ‘बळ नको’. ज्या शब्दाने गाठ सुटली त्याच शब्दाने हात बांधले गेले. याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

सिंहगड_एक्सप्रेस

कैद्यांवरून आठवलं. १९७१ ला आपल्याकडे पाकिस्तानचे ९३ हजार होते. ‘सिमल्याला इंदिराबाईंनी ते फुकट सोडले’ हे वाक्य दर डिसेंबरात व्हॉट्सॲपवर येतंच. कोरियाच्या उजेडात बघितलं तर काय?

---

बखरवाला

पहिलं म्हणजे सिमल्यात ते सोडलेच नाहीत. सिमला करार २ जुलै १९७२ चा. कैदी परतीचा करार दिल्लीत ऑगस्ट १९७३ ला झाला आणि शेवटचे एप्रिल १९७४ ला गेले. मधल्या काळात बांगलादेशाच्या मान्यतेचा प्रश्न, १९५ जणांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्याचा प्रश्न, सगळं त्यात गुंतलं होतं. पाकिस्तानने फेब्रुवारी १९७४ ला बांगलादेशाला मान्यता दिली.

दुसरं, तिथे जिनिव्हाचा तोच नियम आपल्या अंगावर आला होता. कैदी जितके जास्त दिवस ठेवाल तितका त्यांचा हुकमी पत्ता म्हणून उपयोग कमी आणि त्यांना खाऊ घालण्याचा त्रास जास्त.

---

खंडाळ्याचा_घाट

माझा मुद्दा श्रीलंकेचा. कोरियात फौज पाठवून निभावलं, मग १९८७ ला जाफन्यात का फसलो? माझे मामा तेव्हा तिकडे होते. ते फार बोलत नाहीत, पण एवढं नेहमी म्हणतात, ‘आम्हाला पाहुणे म्हणून नेलं आणि पंधरवड्यात घरभेदी झालो.’ आमच्या बाजूचे अकराशेहून जास्त जवान गेले. मामांना दोष देत नाही, शांतीसेना म्हणताना शब्द तोच होता म्हणून विचारतोय.

---

बखरवाला

@खंडाळ्याचा_घाट, मामांना नमस्कार सांगा.

फरक मला दोन दिसतात. कोरियात आपल्याला कुणाचं शस्त्र काढून घ्यायचं नव्हतं. २९ जुलै १९८७ च्या करारात आपण तमिळ वाघांची (एलटीटीई) शस्त्रं खाली ठेवून घेण्याची हमी घेतली, आणि त्या करारावर वाघांची सही नव्हती. ज्याने सही केली नाही त्याच्याकडून करार पाळून घ्यायचा, म्हणजे लढायचंच. ऑक्टोबरात लढाई सुरू झाली. तसं पाहिलं तर पानमुनजोमला सिंगमन रींचीही सही नव्हती, पण त्यांना आवरायचं काम अमेरिकेचं होतं, आपलं नव्हतं. दुसरा फरक म्हणजे आपण तिथे शेजारी होतो, हितसंबंध होते, आधी एका बाजूला शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलेलं होतं. कोरियात आपलं काही पणाला नव्हतं. तटस्थ राहायला अंतर लागतं, मैलांचंही.

---

तिरकस_तात्या

हे मात्र पटलं. मग आज आपण ‘विश्वमित्र’ वगैरे म्हणतो तेव्हा कुणाकडून किती मैलांवर आहोत ते आधी मोजा. रशियाचं तेल घेतो, अमेरिकेला माल विकतो, इस्रायलकडून शस्त्रं घेतो. १९५३ चा रिकामा खिसा हीच तेव्हाची मोठी पात्रता होती.

---

निळीशाई

तात्या, खिसा रिकामा होता पण माणसं नव्हती का पाठवली? १९५० ला आपण लढायला सैन्य दिलं नाही, दिलं ते साठावं पॅराशूट फील्ड अँब्युलन्स. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचं पथक. मार्च १९५१ ला मुनसानजवळ अमेरिकन छत्रीसैनिकांबरोबर यांनीही उड्या मारल्या, हातात बंदुकीऐवजी ऑपरेशनचं सामान. रंगराजना महावीर चक्र मिळालं. मला वाटतं नंतर पहारा आपल्याकडे आला, त्यामागे हे पथकही असणार. कम्युनिस्टांना आपण लढलो नाही म्हणून चाललो, अमेरिकनांना आपण जखमी उचलले म्हणून.

---

बखरवाला

@निळीशाई, हे मूळ लेखातच यायला हवं होतं. हुकलं माझ्याकडून.

---

सुवॉनची_स्मिता

मी गेली काही वर्षं नोकरीनिमित्त इथे, दक्षिण कोरियात. धागा वाचून राहवलं नाही. मागे ऑफिसच्या लोकांबरोबर पानमुनजोमला गेले होते. निळ्या रंगाच्या बराकी आहेत, त्यातल्या एकीत लांब टेबल. सीमारेषा त्या टेबलाच्या मधून जाते. टेबलाला वळसा घातला की तुम्ही उत्तर कोरियात, परत आलात की दक्षिणेत. सगळे हसत हसत ये-जा करत होते. मार्गदर्शक म्हणाला, तह अजून झालेला नाही, फक्त शस्त्रसंधी आहे. माझ्याबरोबरच्या कोरियन मुली हसायच्या थांबल्या.

स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे लोक देखरेखीसाठी अजूनही तिथे आहेत. चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडच्या लोकांना उत्तरेने नव्वदच्या दशकात घालवून दिलं. भारताबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही त्या वेळी काही विचारलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. लाज वाटली वाचून.

---

करवीरकर

ताई, लाज कसली. आमच्या वडगावातसुद्धा दहा जणांना विचारलं तर दोघे सांगतील.

---

वेल्हाळ

एक राहिलं. ज्यांना दोन्ही दारं नको होती असे कुणी नव्हते का?

---

बखरवाला

होते. अठ्ठ्याऐंशी. त्यांनी ‘तटस्थ देश’ मागितला. बहुतेक कोरियन, बारा चिनी. तटस्थ देश कुठला ते ठरेपर्यंत त्यांना ठेवणार कुठे? फेब्रुवारी १९५४ ला आपली फौज परतली तेव्हा तेही बरोबर भारतात आले, मद्रासला उतरले. पुढे बरेच जण ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. थोडे इथेच राहिले, संसार केले.

---

वेल्हाळ

म्हणजे तंबूला तिसरं दार होतं, आणि ते मद्रासला उघडत होतं.

---

सुवॉनची_स्मिता

@बखरवाला, आमच्या ऑफिसात एक पंचावन्नचे गृहस्थ आहेत, वडील उत्तरेतले, युद्धात इकडे आलेले. सोमवारी त्यांना ‘हिंद नगर’ ऐकलंय का विचारते. काही कळलं तर इथेच टाकते.

---

करवीरकर

टाका ताई. मी पण रविवारी वडगावला चाललोय, एका लग्नाला. थोरातांच्या गल्लीत म्हातारं कुणी भेटलं तर बसतो जरा.